थुंकीची नळी आणि चर्चची वही

1985 साली लेस्टर विद्यापीठातले आनुवंशशास्त्रज्ञ ॲलेक जेफ्रीज यांच्याकडे एका वकिलाचं पत्र आलं. अशील होतं लंडनमधलं, मूळचं घानाचं एक कुटुंब. घरातल्या एका मुलाचा जन्म ब्रिटनमधलाच. मधली काही वर्षं तो घानात बापाकडे राहिला आणि मग आई-भावंडांकडे एकटाच परत आला. पण गृहखात्याच्या अधिकाऱ्यांना संशय आला की हा या बाईचा मुलगा नाहीच, तिच्या बहिणीचा असेल. तोवर ज्या रक्ततपासण्या होत्या त्या करून झाल्या होत्या. दोघांचं नातं आहे एवढं त्यांतून कळत होतं, पण बाई आई आहे की मावशी, हे सांगणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं.

जेफ्रीज यांनी आईचं, त्या मुलाचं आणि तिच्या इतर तीन मुलांचं रक्त घेतलं. त्या तिघांबद्दल कुणालाच शंका नव्हती. अडचण एकच होती, बाप हाताशी नव्हता. मग त्यांनी जे केलं ते आज चाळीस वर्षांनीही थक्क करतं. त्या तीन मुलांच्या डीएनएच्या पट्ट्यांमधून आईकडून आलेल्या रेघा बाजूला काढल्या. उरलेल्या रेघा बापाच्याच असणार. तिघांकडून मिळालेल्या या उरल्यासुरल्या रेघा जुळवून त्यांनी समोर नसलेल्या माणसाची डीएनए-ओळख बरीचशी उभी केली आणि मग वादातल्या मुलाची पट्टी तिच्याशी ताडून पाहिली. मुलगा त्याच आईबापांचा निघाला, गृहखात्याने हट्ट सोडला आणि ते पोर घरी राहिलं. 'नेचर' या विज्ञान-साप्ताहिकात त्याच वर्षी हा वृत्तांत छापून आला.

डीएनए तपासणी म्हटलं की लोकांना खून आणि पोलीस आठवतात. पण 10 सप्टेंबर 1984 रोजी जेफ्रीज यांना प्रयोगशाळेत एका एक्स-रे फिल्मवर या शोधाची पहिली चाहूल लागली, त्यानंतर या तंत्राने कचेरीतलं पहिलं काम केलं ते नातं शाबीत करण्याचं. खुनाचा खटला पुढचा. घानाच्या त्या मुलानंतर बांगलादेश, पाकिस्तान आणि भारतातून ब्रिटनला गेलेल्या कितीतरी कुटुंबांनी हाच रस्ता धरला. जन्मदाखले नाहीत, असले तर साहेबाचा विश्वास नाही, अशा घरांना रक्ताची साक्ष काढावी लागली.

हयात नसलेल्या किंवा हाती न लागणाऱ्या माणसाला त्याच्या वंशजांमधून परत उभं करायचं, ही कल्पना आता प्रयोगशाळेतून घराघरांत पोहोचली आहे. मात्र डीएनए नातं सांगतो, नाव सांगत नाही. नाव सांगतो तो कागद, आणि कागद लिहिणाऱ्याला लाज, भीती, आळस, सगळं असतं. दोघांनाही समोरासमोर बसवून उलटतपासणी घेतली तरच एखादं हरवलेलं कुटुंब हाती लागतं.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण त्याच लेस्टर शहरातलं. ऑगस्ट 2012 मध्ये नगरपालिकेच्या एका मोटारतळाखाली खोदकाम करताना पाठीचा कणा वाकलेला एक सांगाडा सापडला. 1485 साली बॉसवर्थच्या लढाईत मारला गेलेला राजा तिसरा रिचर्ड इथेच एका मठात पुरला गेला, असं इतिहास सांगत होता. रिचर्डचा औरस वंश त्याच्या मुलाबरोबरच संपला होता. मग ताडून बघायचं कुणाशी? इतिहासकार जॉन ॲशडाउन-हिल यांनी खोदकामाच्या कितीतरी आधी रिचर्डच्या थोरल्या बहिणीची, ॲनची, मुलीकडून मुलीकडे जाणारी शाखा धरली आणि मृत्युपत्रं, विवाहनोंदी, बाप्तिस्म्याच्या वह्या चाळत ते थेट कॅनडातल्या एका बाईंपर्यंत पोहोचले होते. त्या बाई तोवर वारल्या, पण त्यांचा मुलगा लंडनमध्ये सुतारकाम करत होता. विद्यापीठाच्या केविन शूरर यांनी दुसरी एक शाखाही शोधली, तीही मुलीमुलींचीच.

मुलीमुलींची का, तर पेशीतला मायटोकॉन्ड्रियल डीएनए फक्त आईकडून मिळतो. तो मुलगा-मुलगी दोघांनाही मिळतो, पण पुढे चालवते ती मुलगीच. विद्यापीठातल्याच आनुवंशशास्त्रज्ञ ट्युरी किंग यांच्या तपासणीत सांगाड्याचा हा डीएनए सुताराच्या डीएनएशी तंतोतंत जुळला, आणि दुसऱ्या शाखेतल्या बाईंशी फक्त एका अक्षराचा फरक निघाला. पाचशेहून जास्त वर्षं, आणि मधल्या एकाही बाईला आपल्या पोटातून हा पुरावा पुढे चालला आहे याचा पत्ता नव्हता.

पुरुषांच्या बाजूने मात्र फजिती झाली. बापाकडून मुलाला मिळणाऱ्या वाय गुणसूत्रासाठी पाचव्या ड्यूक ऑफ बोफर्टच्या पाच हयात पुरुषवंशजांचे नमुने घेतले. कागदोपत्री हे सगळे तिसऱ्या एडवर्ड राजाचे वंशज, म्हणजे रिचर्डच्याच मूळ पुरुषाचे. पाचांपैकी चार एकमेकांशी जुळले, पाचवा त्यांच्याशी जुळला नाही, आणि रिचर्डशी तर एकही नाही! वंशावळीच्या त्या भरजरी पटावर कुठेतरी, बहुधा एकाहून जास्त ठिकाणी, लिहिलेला बाप एक आणि खरा बाप दुसरा होता. 2014 साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये हे सगळं प्रसिद्ध झालं. दोन्ही बाजूंचा विचार करूनही सांगाडा रिचर्डचाच असल्याची शक्यता 99.999 टक्के आली. मार्च 2015 मध्ये लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये राजाचं पुन्हा दफन झालं, आणि शवपेटी बनवली ती त्याच सुताराने.

राजाचं ठीक, पण सर्वसामान्य ब्रिटिश माणूस आज जी तपासणी करतो ती वेगळी. अँसेस्ट्री, मायहेरिटेज, ट्वेंटीथ्री-अँड-मी अशा कंपन्यांकडून टपालाने एक नळी येते, तिच्यात थुंकायचं किंवा गालाच्या आतून बोळा फिरवायचा आणि परत पाठवायची. कंपनी गुणसूत्रांवरची सहा-सात लाख ठिकाणं वाचते आणि आपल्या साठ्यातल्या बाकी सगळ्यांशी ताडून बघते. अँसेस्ट्रीच्या एकटीच्या साठ्यात अडीच कोटींवर माणसं आहेत. काही आठवड्यांनी हाती येते ती तुमच्याशी जुळणाऱ्या लोकांची यादी, आणि प्रत्येकापुढे एक आकडा. हा आकडा सेंटीमॉर्गन नावाच्या एककात असतो. दोघांमध्ये किती लांबीचा डीएनए सारखा आहे, ते तो सांगतो.

आईबाप आणि मूल यांच्यात हा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास असतो. आजी-आजोबांची जोडी एकच असलेल्या भावंडांत, म्हणजे सख्ख्या चुलत-मामे-आते-मावसभावंडांत, सरासरी साडेआठशे. पणजोबा-पणजी एकच असतील तर सव्वादोनशे-अडीचशे. खापरपणजोबांपर्यंत मागे गेलं की सत्तर-पंचाहत्तर, आणि तिथे दहातल्या एका जोडीत तर एकही तुकडा सारखा सापडत नाही. नातं खरं, पण डीएनए साफ कानावर हात ठेवतो. उलट साडेसतराशेच्या आसपासचा आकडा आला तर समोरचा माणूस सावत्र भाऊ असेल, काका असेल, पुतण्या असेल किंवा आजोबाही असेल. आकडा सगळ्यांचा सारखाच. मग वय बघायचं, गाव बघायचं, कुणाचं लग्न कधी झालं ते बघायचं. इथून पुढचं काम नळीचं नाही, वहीचं आहे.

ज्याला आईबापांची नावंच ठाऊक नाहीत, त्याच्यासाठी या कामाची एक रीत बसून गेली आहे. यादीतले कोण कोण एकमेकांशीही जुळतात ते बघून त्यांचे गट पाडायचे. नीट जमलं तर चार गट पडतात, चार आजी-आजोबांचे एकेक. गटांना रंग देण्याची जी सोपी पद्धत सगळे वापरतात तिला लीड्स पद्धत म्हणतात. त्या नावाचा यॉर्कशरमधल्या शहराशी काही संबंध नाही; ती काढणाऱ्या अमेरिकन बाईंचं आडनाव लीड्स. मग एकेका गटातल्या लोकांच्या वंशावळी उघडून सगळ्यांच्या मुळाशी असलेलं जोडपं शोधायचं आणि तिथून उलट खाली उतरायचं: त्या जोडप्याची मुलं, नातवंडं, पतवंडं, सगळी. एका गटातला नातू आणि दुसऱ्या गटातली नात एकाच वेळी एकाच गावात सापडली की शोधणारा खुर्चीत सरसावून बसतो.

आयटीव्ही वाहिनीवर 'लाँग लॉस्ट फॅमिली' या मालिकेचा 'बॉर्न विदाउट ट्रेस' ही उपमालिका 2019 पासून सुरू झाली, तिच्यात ही रीत लोकांनी पाहिली. त्यातली माणसं टाकून दिलेली अर्भकं होती: कुणी दाराशी सापडलेलं, कुणी झुडपात. एका प्रकरणात साठच्या दशकात आयर्लंडच्या सीमेच्या एका बाजूला मोटारीत ठेवलेलं बाळ आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोनच्या खोपट्यात ठेवलेलं बाळ एकाच आईबापांची निघाली. दोघांनी उभा जन्म एकमेकांविना काढला होता.

अशा शोधात ब्रिटनची खरी श्रीमंती म्हणजे तिथले कागद. गावोगावच्या चर्चनी बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी असा हुकूम राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने 1538 मध्ये काढला. इंग्लंड-वेल्समध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंद 1 जुलै 1837 पासून, स्कॉटलंडमध्ये 1855 पासून. स्कॉटलंडच्या कारकुनांनी पहिल्याच वर्षी असा उत्साह दाखवला की जन्माच्या दाखल्यावर आईबापांचं वय, जन्मगाव, लग्नाची तारीख आणि आधीची मुलं किती, हेही लिहून घेतलं. वर्षभरात सगळे मेटाकुटीला आले आणि रकाने कमी झाले. ज्याचा पूर्वज नेमका 1855 मध्ये जन्मला, त्याला लॉटरी लागली म्हणायची.

जनगणनेचे तक्ते 1841 पासून नावानिशी मिळतात. पण 1841 चा तक्ता वाचताना डोळ्यांत तेल घालावं लागतं. पंधरा वर्षांवरच्या माणसाचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचं, अशी सूचना होती. त्यामुळे एकोणचाळिशीतली विधवा कागदावर पस्तिशीची होते. आकड्यांवरून बेरीज करणाऱ्या कारकुनाने पेन्सिलीच्या रेघोट्या ओढलेल्या असतात, त्यामुळे 3 की 8, हेही कळत नाही. जन्मगाव विचारलेलंच नाही, फक्त याच परगण्यातला का, एवढं. घरातल्या माणसांचं एकमेकांशी नातं काय तेही नाही; ते 1851 पासून. पुढचंही सगळं सुरळीत नाही. 1931 च्या जनगणनेचे इंग्लंड-वेल्सचे कागद डिसेंबर 1942 मध्ये आगीत भस्मसात झाले, 1941 ची युद्धामुळे झालीच नाही, आणि 1951 ची शंभर वर्षांच्या नियमाने अजून कुलुपात आहे. मधली पोकळी सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध सुरू होताच केलेल्या नोंदवहीने कशीबशी भरून निघते.

कागद गप्प राहतो म्हणजे काय, याचा नमुना 2007 मध्ये पुढे आला. लेस्टरच्याच ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांना पूर्व यॉर्कशरमधल्या एका दुर्मीळ आडनावाच्या पुरुषांत पश्चिम आफ्रिकेत आढळणारं वाय गुणसूत्र मिळालं. त्या आडनावाच्या अठरा जणांची तपासणी केली, सात जणांत ते निघालं. दिसायला सगळे गोरे. कुणाच्या घरात आफ्रिकी पूर्वजाची साधी दंतकथाही नव्हती. कागद खोदत नेल्यावर हे सातजण दोन वेगळ्या घराण्यांत बसले, दोन्ही 1780 च्या दशकातल्या यॉर्कशरपर्यंत जाणारी. त्याआधी कुठेतरी ती एक होती, हे डीएनए छातीठोकपणे सांगतो. तो आफ्रिकी माणूस कोण, नोकर, खलाशी की गुलाम, यावर एकाही वहीत ओळ नाही.

मराठी वाचकाला जवळचं वाटेल असं प्रकरण मात्र सुरतेचं आणि मुंबईचं आहे. जून 2013 मध्ये ब्रिटिश वर्तमानपत्रांत बातमी झळकली की राजपुत्र विल्यम यांच्या आईकडची एक पूर्वज भारतीय होती. तिचं नाव एलायझा केवार्क. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरतेत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला थिओडोर फोर्ब्ज हा स्कॉटिश तरुण होता, त्याच्या घरात ती राहायची. 1812 मध्ये त्यांना कॅथरीन झाली, दोन वर्षांनी अलेक्झांडर. पुढे फोर्ब्ज मुंबईला फोर्ब्ज अँड कंपनीत भागीदार म्हणून गेला. तीच ही फोर्ब्ज कंपनी, जिचं नाव मुंबईत आजही चालू आहे. एलायझा सुरतेतच राहिली आणि पत्रं धाडत राहिली. कॅथरीनला लहानपणीच स्कॉटलंडला बापाच्या माणसांकडे पाठवलं. 1820 मध्ये मायदेशी निघालेला फोर्ब्ज वाटेत जहाजावरच वारला. मृत्युपत्रात एलायझाचा उल्लेख 'घर सांभाळणारी' असा.

कॅथरीनचं लग्न ॲबर्डीनच्या क्रॉम्बी घराण्यात झालं, आणि तिथून मुलीमुलींची माळ विल्यम यांची आई डायना हिच्यापर्यंत आणि तिच्या मुलांपर्यंत सलग जाते. एलायझापासून विल्यमपर्यंत सात पिढ्या. घराण्याच्या वंशावळीत एलायझापुढे 'आर्मेनियन' असं लिहिलेलं होतं, आणि तिच्या पत्रांत आर्मेनियन लिपीतला मजकूरही आहे. पण त्याच माळेतल्या, डायनाच्या आईच्या नात्यातल्या दोन व्यक्तींच्या थुंकीतून जो मायटोकॉन्ड्रियल गट निघाला तो आर30बी. हा गट भारतीय उपखंडाबाहेर जवळजवळ सापडतच नाही. म्हणजे एलायझाचा बाप आर्मेनियन असेलही, तिची आई किंवा आईची आई इथलीच. घराण्याने दोनशे वर्षं जपलेला 'आर्मेनियन' हा शब्द खोटा होता असं नाही. तो अर्धाच होता, आणि सोयीचा होता. कंपनी सरकारच्या काळात गोऱ्या घराण्याला आर्मेनियन ख्रिस्ती पणजी चालायची, सुरतेची देशी बाई चालत नव्हती.

या बातमीवर टीकाही झाली, आणि ती रास्त होती. तपासणी करणारी ब्रिटन्सडीएनए ही कंपनी नळ्या विकणारी होती, राजपुत्राचं नाव म्हणजे फुकटची जाहिरात. आणि विल्यम यांनी स्वतः काही नमुना दिलेला नव्हता. नातेवाइकांच्या थुंकीवरून त्यांच्या पेशीतलं गुपित जगजाहीर झालं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले मार्क थॉमस त्याच वर्षी असल्या वंशकथांवर तुटून पडले होते. एखाद्याचे पूर्वज व्हायकिंग होते असं सांगणं आणि ज्योतिष सांगणं यांत फरक नाही, असा त्यांचा रोख होता. हिशेब मांडला तर त्यांचं म्हणणं पटतं. सात पिढ्यांपूर्वीच्या एका पूर्वजाकडून सरासरी पाऊण टक्का डीएनए येतो, आणि एलायझा अर्धी आर्मेनियन असेल तर भारतीय वाटा त्याच्याही निम्मा. शिवाय विल्यम यांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए त्यांच्या मुलांकडे जाणारच नाही. तरी एलायझाची गोष्ट निव्वळ ज्योतिष ठरत नाही, कारण इथे पत्रं आहेत, मृत्युपत्र आहे, लग्नाच्या नोंदी आहेत. नुसत्या आर30बीवरून कुणाला सुरत सुचली नसती.

अशा शोधासाठी ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात मोठा खजिना आहे. मुंबई इलाख्यातल्या पाद्र्यांनी बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला लंडनला पाठवल्या, त्यांची एक वेगळी मालिकाच आहे. पुण्या-मुंबईच्या छावण्यांतले कितीतरी गोरे आणि मिश्र संसार त्यात आहेत. 1998 साली स्थापन झालेली फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी हेच कागद धुंडाळणाऱ्यांची संस्था. मात्र देशी आईच्या मुलाच्या नोंदीत बापाचं नाव, हुद्दा, पलटण सगळं असतं आणि आईचा रकाना अनेकदा कोरा असतो. आपल्याकडच्या त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या किंवा घरोघरचे कुलवृत्तांत उघडले तरी वेगळं चित्र नाही. पुरुषांची नावं बारा-पंधरा पिढ्या मागे जातात, बायका कुणाच्या तरी पत्नी म्हणून येतात आणि माहेरचं नाव वाटेत गळून पडतं.

इंग्लंडमधल्या मराठी घरांनी हीच नळी मागवली तर आणखी एक अडचण उभी राहते. चार आजी-आजोबांचे चार सुटे गट पडतील, हे गृहीत धरून ती सारी रीत बसवलेली आहे. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या पोटजातीतच सोयरिकी झाल्या, कितीतरी घरांत मामेबहिणीशी लग्न करण्याची चाल. त्यामुळे एकच माणूस आईकडूनही लागतो आणि बापाकडूनही. आठ-दहा दूरच्या वाटांनी आलेले लहान लहान तुकडे बेरजेत मोठे दिसतात आणि यादी परक्या माणसाला जवळचा भाऊ ठरवते. त्यात या साठ्यांत भारतीय माणसं मुळातच थोडी. मावशीची थुंकी आणि मोडीतली वंशावळ, दोन्ही हाताशी असल्याशिवाय यातून काही ठोस निघणं कठीण.

जोखीमही आहे. ब्रिटनमध्ये 2004 च्या मानवी ऊती कायद्याने दुसऱ्याचा डीएनए त्याच्या संमतीशिवाय तपासून घेणं हा गुन्हा आहे. सासऱ्याच्या कंगव्यातले केस गुपचूप पाठवले तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ट्वेंटीथ्री-अँड-मीचा साठा 2023 मध्ये फुटला. 2025 मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी त्या कंपनीला तेवीस लाखांवर पौंडांचा दंड केला, आणि तोवर ती दिवाळखोरीच्या दारात पोहोचली होती. आणि ज्याने नळी पाठवली त्याच्या एकट्याचंच गुपित बाहेर पडतं असंही नाही. बहिणीने थुंकून पाठवली की भावाचाही निम्मा हिशेब जगासमोर येतो.

शेवटी पुन्हा एलायझाकडे. तिचा धाकटा अलेक्झांडर भारतातच राहिला. त्याला आईचा आर30बी मिळाला होता, पण पुरुष असल्याने तो त्याच्यापाशीच थांबला. त्याचा वंश असेल तर उरलेला डीएनएही दोनशे वर्षांत इतका विरळ झाला असेल की स्कॉटलंडकडच्या शाखेशी जुळण्याची आशा फार थोडी. पण मुलाकडून मुलाकडे असा तो वंश चालला असेल, तर त्यातल्या पुरुषांत वाय गुणसूत्र ॲबर्डीनशरच्या फोर्ब्ज घराण्याचं असणार.